गुंजीचे पट्टे

एका जंगलात, बाळांनो, एक फॅशन हाऊस होतं. म्हणजे तसं ते नव्हतंच. ते फक्त टीव्हीवर होतं.

जंगलात टीव्ही कसा आला, असं विचारू नका. तुमच्या घरात कसा आला ते तुम्हाला तरी कुठं आठवतंय? आला तसा आला. संध्याकाळी पाणी पिऊन झालं की सगळे प्राणी तळ्याकाठी बसत आणि बघत.

त्या टीव्हीवर एक विनोदी मालिका लागायची. तिचं नाव 'माझा ड्रेस कुणी खाल्ला?' मालिका किशोरवयीन मुलामुलींची होती. ही मुलं एका मोठ्या फॅशन हाऊसमध्ये शिकाऊ म्हणून लागलेली असतात. तिथं पानांचे कपडे तयार होतात. पळसाच्या पानांचे स्कर्ट, केळीच्या पानांचे गाऊन, कर्दळीची जाकिटं. मुलं भांडतात, रुसतात, प्रेमात पडतात, प्रेमातून उठतात. आणि दर भागाच्या शेवटी, ऐन फॅशन शोच्या वेळी, कुणीतरी कुणाचा तरी ड्रेस खाऊन टाकतं. मग सगळे हसतात.

सगळे म्हणजे तरस. झुडपामागं तरसांचं एक कुटुंब खास हसायला बसवलेलं होतं. निर्मात्यांनी हात वर केला की ते हसायचे. हात खाली आला की गप्प व्हायचे.

निर्माते होते मुंगसे. अर्थातच मुंगूस. चपळ, लुकलुकत्या डोळ्यांचे, बोलताना सारखे मागं वळून बघणारे. त्यांनी पूर्वी सापांवर एक गंभीर मालिका काढली होती, पण तिच्यातले कलाकार टिकले नाहीत.

'ड्रेस'चा नायक होता विकी. वय सोळा, खोडकर, टवाळ, एका ठिकाणी न बसणारा. हे काम कासवे करायचे. कासवे म्हणजे कासव. त्यांचं खरं वय त्यांना स्वतःलाही सांगता येत नसे. जिथं आत्ता तळं आहे तिथं पूर्वी टेकडी होती, एवढं ते सांगत. पण कासवांना सुरकुत्या जन्मापासूनच असतात, त्यामुळे प्रेक्षकांच्या काही लक्षात आलं नव्हतं.

मालिका एव्हाना कंटाळवाणी झाली होती. ड्रेस खाल्ला जाणार हे सगळ्यांना ठाऊक असे. शिवाय खाणारा खरोखर खातच नसे. नुसतं तोंड हलवायचा आणि टेक संपला की पान थुंकून टाकायचा. प्रेक्षक मध्येच उठून जाऊ लागले. चॅनेलचे मालक होते गवेसाहेब, म्हणजे रानगवा. त्यांनी मुंगशांना बोलावून सांगितलं की लवकर काही जमलं नाही, तर या वेळेला मी बातम्या लावीन. त्या जंगलात बातम्या फारशा घडत नसत. त्यामुळे गवेसाहेब किती चिडलेत ते मुंगशांना बरोबर समजलं.

आता सेटच्या मागं, चिखलाच्या डबक्यापाशी, दगडाबाई नावाची एक रानडुकरीण राहत होती. दांडगी होती, कमी बोलायची. पोर जन्मलं की समोर जी बी पडलेली दिसे, तेच ती त्याचं नाव ठेवी. त्यामुळे तिच्या घरात एक सागरगोटा होता, एक बिब्बा होता, एक गुंजी होती आणि सगळ्यांत लहान चणीची, सगळ्यांच्या मागं राहणारी चिंचुकी होती.

रानडुकराची पिल्लं तुम्ही पाहिली नसतील. त्यांच्या तपकिरी अंगावर पिवळसर पट्टे असतात. डोक्यापासून शेपटीपर्यंत, आडवे ताणलेले, कुणी बोटानं ओढल्यासारखे. दगडाबाईच्या सगळ्याच पोरांना ते होते. त्यात गुंजीचं असं काही विशेष नव्हतं. गुंजीचं विशेष एवढंच, की तिला भूक फार लागायची आणि भीती कमी वाटायची.

एके दिवशी दुपारी शूटिंग चाललं होतं. त्या वेळची नायिका होती एक चितळ, मोठ्या डोळ्यांची आणि तेवढ्याच मोठ्या मानाची. तिच्या अंगावर केळीच्या कोवळ्या पानांचा पायघोळ गाऊन होता. ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणत होती की फॅशन म्हणजे नुसते कपडे नव्हेत, फॅशन म्हणजे आत्मविश्वास. तेवढ्यात गुंजी कॅमेऱ्याच्या पायांमधून आत आली. तिनं गाऊन हुंगला. मग ती तो खाऊ लागली.

खालच्या काठापासून तिनं सुरुवात केली. मन लावून, मध्ये न थांबता. चितळीला शिकवलं होतं की काही झालं तरी वाक्य तोडायचं नाही. तिनं तोडलं नाही. वाक्य संपलं तेव्हा गाऊन गुडघ्यापर्यंत आला होता, आणि आत्मविश्वासही. गुंजीनं ढेकर दिली, मान वर केली आणि थेट कॅमेऱ्याकडे बघून विचारलं, "अजून आहे?"

तरस हसले. मुंगशांचा हात खालीच होता, तरी हसले. कॅमेरा धरणारा हसला. कासवे कवचात हसले, ते बाहेरून दिसलं. इतकी वर्षं तरसांचं हसणं ऐकून मुंगशांना वाटत होतं की ते आपल्याला पाठ आहे. हे वेगळंच निघालं.

चितळीनं त्याच दिवशी मालिका सोडली. मुंगसे दगडाबाईकडे गेले आणि म्हणाले की तुमच्या मुलीला आम्ही नायिका करतो. दगडाबाईनं फक्त विचारलं, जेवण तिथंच का? मुंगसे म्हणाले, हो, कपडेच जेवण. दगडाबाई म्हणाली, मग न्या.

अशी गुंजी टीव्हीवर आली.

मालिकेनं उचल खाल्ली. जंगल तिन्हीसांजेला रिकामं पडू लागलं, सगळं तळ्याकाठी. ससे, सांबरं, अस्वलं, माकडं. गुंजी यायची, कुणाचा तरी इतक्या मेहनतीनं केलेला ड्रेस खायची, आणि लोक पोट धरून लोळायचे. घराघरांत पोरं जेवण झालं की आईला विचारू लागली, "अजून आहे?"

मग मुंगशांनी प्रेक्षकांना विचारून घेतलं, की तुम्हाला गुंजी का आवडते. प्रेक्षक विचारात पडले. हसू का येतं हे कुणालाच सांगता येत नाही, बाळांनो. पण काही उत्तर न देणं बरं दिसत नाही. म्हणून त्यांना जे डोळ्यांना दिसत होतं ते त्यांनी सांगितलं. ते म्हणाले, तिचे पट्टे छान आहेत.

झालं. मुंगशांनी सेटवर पाटी लावली. पट्टे हीच आपली ओळख.

पुढल्या आठवड्यात सशांनी पट्टे ओढले. पिवळी माती, थोडा चुना, काटकी घ्यायची आणि ओढायचे. मग सांबरांनी ओढले. अस्वलांना चुना फार लागला, पण त्यांनीही ओढले. माकडांनी आधी टिंगल केली, मग आडवे ओढायचे की उभे यावरून त्यांच्यात दोन गट पडले. मोर काही दिवस घराबाहेर पडले नाहीत. आपण जुन्या पिढीतले झालो, असं त्यांना वाटू लागलं होतं.

आणि एके सकाळी वाघ तळ्यावर पाणी प्यायला आला.

तिथं चितळांची काही तरणी पोरं उभी होती. त्यांनी वाघाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांतलं एक आदबीनं म्हणालं, "काका, तुम्हालाही शोभतात हो. पण तुम्ही जरा जाड ओढलेत."

वाघ पाणी न पिताच परत गेला. घरी जाऊन त्यानं वाघिणीला विचारलं की माझ्याकडे बघून काय वाटतं? मी कुणाची नक्कल करतोय असं वाटतं का? वाघीण पोरांना चाटत होती. तिनं न बघताच म्हटलं, तसं काही नाही. त्या 'तसं काही नाही'मुळे तो आणखी खचला. त्यानंतर तो दिवसा बाहेर पडेनासा झाला.

इकडे गुंजी वाढत होती. रोज एक ड्रेस खाल्ल्यावर कोण वाढणार नाही?

एक दिवस ती डबक्यात भावंडांबरोबर लोळत असताना तिचं लक्ष सागरगोट्याकडे गेलं. त्याच्या कुशीवरचे पट्टे दिसत नव्हते. तिला वाटलं चिखल लागलाय. तिनं नाकानं पुसून पाहिलं. चिखल नव्हता. तिथं नुसता तपकिरी सागरगोटा होता. तिनं आईला विचारलं. दगडाबाई मुळं उकरत होती. ती म्हणाली, जातात ते. सगळ्यांचे जातात. पट्टे गवतात लपायला असतात, लपायचं वय गेलं की तेही जातात.

गुंजीनं विचारलं, माझेही?

दगडाबाई म्हणाली, तू कुणी वेगळी आहेस का?

दुसऱ्या कुठल्या पोरीला या उत्तरानं बरं वाटलं असतं. गुंजीला वाटलं नाही. कारण सगळं जंगल तिला सांगत होतं की ती कुणी वेगळी आहे, आणि ते कशामुळे, तेही सांगत होतं.

तिनं तळ्यात वाकून स्वतःकडे पाहिलं. पाठीवरचे दोन पट्टे अजून ठळक होते. पोटाकडचे पुसट झाले होते.

ती गुपचूप साळूबाईकडे गेली. साळूबाई सेटवर रंगभूषा करायची. ती साळिंदर होती, कुंचले अंगावरच वाढत. गुंजीनं तिला सगळं सांगितलं आणि रडली. साळूबाईनं तिची पाठ पाहिली, पोट पाहिलं, आणि पिवळी माती कालवली. रंगवता रंगवता तिनं सांगितलं की घाबरू नकोस, कासव्यांचं तारुण्य मीच रोज सकाळी काढते. अंगावर शेवाळ असतं ते खरवडायला लागतं.

कासवे शेजारीच बसले होते. त्यांनी मान बाहेर काढली. ते म्हणाले, "बाळ, मी किती वर्षं सोळाचा आहे म्हणून सांगू. सवय होते. फक्त गुडघ्यांना ते पटवून देता येत नाही."

काही दिवस असे गेले. मग एका दुपारी ऊन फार होतं, गुंजीला घाम आला आणि मुंगशांनी तिच्या पोटावरून पिवळा ओघळ येताना पाहिला.

त्यांनी ताबडतोब बैठक बोलावली. बैठकीला मुंगसे, गुंजी, साळूबाई, कासवे आणि मालिकेचे लेखक पिंगळे होते. पिंगळे म्हणजे पिंगळा, छोटं घुबड. दिवसाच्या बैठकीत त्यांना नीट दिसत नसे, त्यामुळे ते खरं बोलून जात. पिंगळे म्हणाले की यात अडचण काय आहे? आपण एक भाग असा लिहू, की पोरीचे पट्टे जातात. ती घाबरते, मैत्रिणींपासून लपते, आणि शेवटी तशीच रॅम्पवर येते. सगळ्यांचेच कधीतरी जातात. लोक हसतील, थोडे रडतीलही.

गुंजी पिंगळ्यांकडे बघत राहिली. तिला तो भाग आत्ताच्या आत्ता करावासा वाटला.

मुंगसे मागं वळून बघून म्हणाले, "पिंगळे, ही मालिका वयात येणाऱ्या मुलांची आहे. मुलं खरोखर वयात आली, तर मालिका कुठं जाईल?"

पिंगळ्यांना हे पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. लेखकाला उत्तर सुचलं नाही, की त्याला पटलं असं निर्माते धरतात.

त्या दिवसापासून नियम ठरले. गुंजीनं घरी जायचं नाही, कारण घरी चिखल आहे. उन्हात उभं राहायचं नाही, कारण रंग उतरतो. आणि खायचं नाही, कारण खाल्लं की वाढते. खाण्याचा प्रसंग आलाच तर नुसतं तोंड हलवायचं. मोह होऊ नये म्हणून तिच्यासमोरचे सगळे ड्रेस कडुनिंबाच्या पानांचे करण्यात आले.

चिखलाशिवाय डुकराचं काय होतं ते तुम्हाला सांगू का? त्याचं अंग तापतं. कातडी ताठ होते, माश्या बसतात. गुंजी सावलीत रंगवलेली उभी राहायची, न हलता, आणि तिला आपल्या घरच्या डबक्याचा वास यायचा. डबकं सेटच्या मागंच होतं. वारा तिकडून आला की बिब्ब्याचं चीत्कारणं ऐकू यायचं. दगडाबाई एक-दोनदा कुंपणाशी येऊन उभी राहिली. तिला सांगण्यात आलं की टेक चालू आहे. ती तशीच परत गेली. तिसऱ्यांदा ती आली नाही, तिनं फक्त एक रताळं कुंपणाखालून आत ढकललं. ते मुंगशांनी उचलून ठेवलं.

गुंजी आता कॅमेऱ्याकडे बघून "अजून आहे?" म्हणायची, तेव्हा तरस हात बघून हसायचे.

पण पट्ट्यांची फॅशन जोरात होती. गवेसाहेबांनी ठरवलं की एक महाएपिसोड करायचा. तळ्याच्या मधोमध लाकडांचा लांब रॅम्प बांधायचा, सगळ्या जंगलानं पट्टे ओढून यायचं, आणि सगळं थेट दाखवायचं.

ठरल्या दिवशी सगळे आले. तळ्याचा काठ पिवळ्या पट्ट्यांनी भरून गेला. पुढच्या रांगेत कलाकारांचे नातेवाईक होते. त्यात दगडाबाई आणि तिची पोरं. त्यांचे पट्टे गेले होते आणि त्यांनी ओढलेही नव्हते, म्हणून शेजारचे ससे त्यांच्याकडे जरा नापसंतीनं बघत होते. फक्त चिंचुकीच्या अंगावर अजून दोन-चार रेषा होत्या. ती नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या मागं, जरा बाजूला बसली होती. तिच्या मागं एक मोठा, चिखलानं माखलेला, भुऱ्या रंगाचा प्राणी बसला होता. कुणी म्हणालं नीलगाय असेल. कुणी म्हणालं, कोण का असेना, समारंभाला येताना थोडं नीट यावं.

तो वाघ होता.

त्याला चेष्टा सहन होत नव्हती, म्हणून त्यानं सगळ्या अंगाला चिखल फासला होता. एकही पट्टा दिसत नव्हता. खरं म्हणजे तो नुसता कार्यक्रम बघायलाच आला होता. पण तो येऊन बसला तरी कुणी पळालं नाही. उलट एका सांबरानं सरकून जागा दिली. असं त्याच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. तो बसला, इकडे तिकडे पाहिलं, आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागली आहे.

गुंजी रॅम्पवर आली. नखशिखान्त नवा रंग, मानेला आंब्याच्या पानांची ताठ कॉलर. टाळ्या झाल्या. तिनं चार पावलं टाकली आणि तिच्या नाकात वास शिरला.

तिनं तो वास पूर्वी एकदाच घेतला होता, अगदी लहान असताना, आईच्या पोटाखाली दडून. डुकराचं नाक फसत नाही. तिनं काठावर बघितलं. भुरा प्राणी दिसला. त्याच्यापुढं चिंचुकी दिसली. भुरा प्राणी पोट जमिनीला टेकवून जरा पुढं सरकला होता.

गुंजी रॅम्पच्या मधोमध थांबली आणि ओरडली, "वाघ!"

मुंगशांना वाटलं तिनं स्वतःच काही विनोद घातला आहे. त्यांनी हात वर केला. तरस हसले. ते हसले म्हणून प्रेक्षक हसले. चिंचुकीही हसली.

गुंजीच्या दोन्ही बाजूंना पाणी होतं. रॅम्पच्या टोकापर्यंत जाऊन वळून यायला फार वेळ लागला असता. पाण्यातून सरळ गेलं तर काठ जवळ होता. साळूबाई पडद्याआडून बघत होती. पुढं ती सांगायची की पोर फक्त एक क्षण थांबली. पाण्याकडे पाहिलं, स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. मग उडी मारली.

ती पोहत आली, चिखलातून उसळली, आणि कॉलरसकट वाघाच्या आणि चिंचुकीच्या मधे जाऊन उभी राहिली. केस ताठ, डोकं खाली, नाकातून फुसफुसत. मागून दगडाबाईही उठली होती. दगडाबाईला एकदा वास आला की तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे.

बाळांनो, वाघ दबा धरून असतो तोवर वाघ असतो. सगळ्यांसमोर पकडला गेला की त्याला लाजल्यासारखं होतं. त्यानं गुंजीकडे पाहिलं, दगडाबाईकडे पाहिलं. गुंजीनं उडवलेल्या पाण्यानं त्याच्या खांद्यावरचा चिखल धुऊन निघाला होता आणि त्याखालून काळे पट्टे दिसू लागले होते. तो उठला, अंग झाडलं, आणि मागं न बघता गवतात निघून गेला.

चिंचुकी वाचली. दगडाबाईनं गुंजीला एकदा नाकानं ढुसणी दिली. एवढंच. त्या घरात याहून जास्त कौतुक कुणी कुणाचं केलेलं नव्हतं.

सगळे गुंजीकडे बघत होते. मग कुणीतरी म्हणालं, "हिचे पट्टे कुठं गेले?"

पट्टे तळ्यावर तरंगत होते.

दुसऱ्या दिवशी जंगलात एकच विषय. वाघ नव्हे. वाघ काय, नेहमीचाच. विषय हा, की आपली फसवणूक झाली. ससे संतापले. सांबरं संतापली. अस्वलं म्हणाली की आम्ही एवढा चुना वापरला तो कुणाकडे बघून? पट्टे रंगवलेले होते, ही किती अपमानाची गोष्ट आहे, असं म्हणत सगळे सेटवर चालून आले. येताना पुसट झालेले पट्टे त्यांनी पुन्हा ठळक करून घेतले होते, कारण टीव्हीवर दिसायची शक्यता होती.

पिंगळ्यांनी सांगून पाहिलं की त्या पोरीनं बहिणीला वाचवलं. त्यावर एका वयस्कर सशानं उत्तर दिलं की तो त्यांचा घरगुती प्रश्न आहे.

मुंगशांनी प्रेक्षकांची जाहीर माफी मागितली. ते म्हणाले की आम्हालाही काही कल्पना नव्हती. साळूबाई तेव्हा त्यांच्या शेजारीच उभी होती. तिनं खाली मान घालून कुंचले साफ केले. गुंजीला त्याच दिवशी काढण्यात आलं.

गवेसाहेबांनी बजावलं की यापुढं अस्सल पट्टे पाहिजेत. जन्मापासून मरेपर्यंत टिकणारे. पाण्यात बुडवून तपासलेले. शोध सुरू झाला. खारीला बोलावलं, पण तिचे पट्टे पडद्यावर दिसेनासे होत. तरसांनी झुडपामागून नम्रपणे कळवलं की आमच्याही अंगावर पट्टे आहेत, खरे आहेत. मुंगसे म्हणाले, तुम्ही हसा.

शेवटी एकच नाव उरलं.

वाघाला आधी विश्वास बसेना. मग त्यानं विचारलं की लोक मला नकलाकार तर म्हणणार नाहीत ना? मुंगसे लांबूनच म्हणाले की तुम्हीच अस्सल, बाकी सगळी नक्कल. वाघाचे डोळे भरून आले. तो सोळा वर्षांच्या फॅशनवेड्या मुलीचं काम करू लागला. वाघिणीला कार्यक्रम आवडला.

मालिका पुन्हा जोरात चालू लागली. प्रेक्षक म्हणत की हिच्यात काही खोटं नाही, बघितल्याबरोबर कळतं. कलाकार मात्र सारखे बदलत. कासव्यांनी करार नव्यानं करून घेतला, की विकीचं काम ते यापुढं पूर्णपणे कवचातून करतील. तरसांनी आपलं झुडूप बरंच मागं नेलं. पिंगळ्यांनी रात्रीच्या मालिकेत बदली मागितली.

गुंजी घरी आली ती थेट डबक्यात शिरली. पहिले काही दिवस ती फक्त लोळत आणि खात राहिली. संध्याकाळी तळ्याकडून हसण्याचा आवाज आला की ती कान टवकारायची, हे दगडाबाईनं पाहिलं होतं. मग ती गुंजीच्या बाजूला येऊन आडवी व्हायची, आणि दगडाबाई आडवी झाली की चिखल दोन्ही कानांत जाऊन काही ऐकू येत नसे.

एक दिवस मुंगसे डबक्यावर आले. जरा वाळलेले दिसत होते. त्यांनी गुंजीची विचारपूस केली, तब्येत छान झाली म्हणाले. मग मुद्द्यावर आले. मालिकेत आता नायिकेची आई दाखवायची होती. गंभीर, प्रेमळ, भरलेल्या अंगाची, साधी तपकिरी. गुंजी त्यात अगदी चपखल बसेल, असं सगळ्यांचं मत होतं.

गुंजीला पट्टे जाऊन एक ऋतूही उलटला नव्हता. तिनं विचारलं, "वाघाची आई?"

मुंगसे म्हणाले की मालिकांत असंच असतं. मुलगी नाही राहिली की आई.

दगडाबाईनं आजवर ती मालिका पाहून कधी हसू आणलं नव्हतं. ती आता हसली. आधी नाकातून, मग पोटातून, मग सगळी हसली. डबकं हिंदकळलं, बिब्बा काठावर फेकला गेला. झुडपामागं बसवायला अशी बाई मिळाली असती तर मालिकेचं सोनं झालं असतं, असं मुंगशांना वाटून गेलं.

गुंजी हसली नाही. ती नीट विचार करत होती. तिला सेटची आठवण येत नव्हती असं नाही.

ती म्हणाली, "हे सगळं खोटं खोटं असतं, हे वाघाला कुणी सांगितलंय का?"

मुंगशांनी मागं वळून पाहिलं. ते म्हणाले, "योग्य वेळ आली की सांगणार आहोत."

"मग तुम्ही आधी सांगून या," गुंजी म्हणाली. "मी इथंच आहे."

मुंगसे बरं म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते काही आले नाहीत. जंगलातले बरेच जण म्हणतात की ते वाघाला सांगायला गेलेच नाहीत. थोडे जण म्हणतात, गेले होते.

तात्पर्य: बाळांनो, रंगवलेले पट्टे पाण्यात टिकत नाहीत. म्हणून नेहमी पाण्यापासून लांब राहावं. कुणाला वाचवायचं असेल तेव्हा तर फारच लांब.